बोर्डावरून न उतरणारी नावं

३ फेब्रुवारी
आमच्या लग्नाच्या मंडपाच्या दिव्यांच्या बोर्डावर अजून ‘बालाजी – गायत्री’च पळताहेत! त्यांचं लग्न नोव्हेंबरात झालं. आज बालाजीनेच स्कूटर थांबवून विचारलं, “मामी, माझं लग्न अजून किती दिवस लावणार?” मंडपाचा जुना कॉम्प्युटर मेल्यापासून नावं बदलता येत नाहीत. बोर्ड बंद ठेवावा तर मंडपच बंद पडला असं गावाला वाटतं. आणि दहा तारखेला पापनाशमच्या सेतूचं लग्न. त्याच्या आईने बजावलंय – माझ्या मुलाचं नाव दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नको.

५ फेब्रुवारी
नव्या लॅपटॉपला बोर्डाची जुनी नऊ टोकांची केबल लावायला जागाच नाही. म्हणून ह्यांनी अडॅप्टर आणला – एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ती केबल. “लावलं की झालं,” म्हणाले. लावलं. काहीच झालं नाही.

६ फेब्रुवारी
डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. ह्यांनी अडॅप्टर काढला, घातला, फुंकर मारली, दुकानदाराला शिव्या घातल्या. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचतच नाहीत, नुसतं ओके दाबतात. संसारातही हेच धोरण.

जेवताना मी पुन्हा साठीचा विषय काढला. वैकाशी महिन्यात ह्यांना साठ पूर्ण. इकडे सगळेच साठीला पुन्हा लग्न लावतात – हार, मंगळसूत्र, सगळं. आमचं पहिलं लग्न स्वामीमलैच्या देवळात घाईत उरकलं, सासरे आजारी म्हणून. फोटो एकही नाही. ह्यांनी गावभरच्या लोकांची नावं बोर्डावर चढवली, माझं कधीच नाही. “ह्या वयांत हार घालून कायला बसायचं, भुवना? लोक हसतील.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

७ फेब्रुवारी
हे भाजीला गेले तेव्हा मी बसले आणि वाचलं. त्रिकोणावर दोनदा क्लिक केलं, तर सरळ लिहिलेलं – हा ड्रायव्हर ह्या चिपला चालत नाही. अडॅप्टरमधली चिप जुनी, आणि विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर घातलेला. यादीतून जुना निवडला. त्रिकोण गेला! बोर्ड मात्र ढिम्म.

८ फेब्रुवारी
सापडलं! विंडोजने अडॅप्टरला अकरा नंबरचा पोर्ट दिलाय, आणि बोर्डाचा जुना प्रोग्रॅम पहिल्या चारांतच शोधतो. चार खोल्यांच्या लॉजमध्ये आम्ही अकरा नंबरची खोली विचारत होतो. मी त्याला तीन नंबर दिला. बोर्ड काळा झाला, आणि मग – ‘सेतू – शिवरंजनी’. हे रस्ता ओलांडून बघून आले.
“हे तूं कधी शिकलीस?”
वाचून, म्हटलं.

१० फेब्रुवारी
लग्न छान झालं. सेतूच्या आईने बोर्डाखाली इतके फोटो काढून घेतले की नवरी कोण तेच कळेना. पायसम् मी दोनदा घेतलं.

११ फेब्रुवारी
मंडप रिकामा. हे पट्टीश्वरमला गेलेले. मी लॅपटॉप उघडून टाइप केलं – ‘रघुराम – भुवनेश्वरी’. फक्त एकदा बघायचं, मग पुसायचं. रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. माझं नाव लांबलचक, तांबड्या अक्षरांत सावकाश सरकत आलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात फुलवाल्या अंबाबाईची हाक – “अक्का, साठी ठरली? हार माझ्याकडूनच!” तिला कळलं म्हणजे सगळ्या रस्त्याला कळलं. हे परतले ते वाटेत अभिनंदनं गोळा करीतच. कानांच्या पाळ्या लाल.
“काढून टाक ते.”
मी चढवलं, तुम्ही उतरवा, म्हटलं आणि कॉफी ठेवायला गेले.

१३ फेब्रुवारी
हे म्हणतात, लॅपटॉप अडॅप्टरला पुन्हा ओळखत नाही. “ड्रायव्हर गेला वाटतं. राहूं दे, घाई काय?” मी बघते म्हटलं तर म्हणाले, तूं दमलीस. बोर्डाला बटण आहे, ते बंद करता येतं – हे काही ह्यांना सुचलेलं नाही. येणारा-जाणारा तारीख विचारतोय.

१५ फेब्रुवारी
खुंटीवरचा ह्यांचा शर्ट धुवायला घेतला. खिशात अडॅप्टर. होता तसा ठेवला आणि शर्ट न धुताच परत खुंटीला लावला.