अम्मन घरात असताना

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार

आज निघायचं राहिलंच. कनकाला ताप भरलाय. घरमालकाच्या पोरीला ताप आला म्हणून भाडेकरूने का थांबायचं? पण तिची आई, वसंतावहिनी, सकाळीच दारात येऊन म्हणाल्या, "आज नको जाऊं हो अशोकराव. हे ऑफिसांत गेले. घरीं कोणी पुरुष नाहीं." म्हटलं, बरं. धनुष्कोडी कुठे पळून जात नाही. तिथून बोट मिळते म्हणतात, पलीकडे सिलोन. तिथे जाऊन काय करणार ते ठाऊक नाही. मिरज सोडली तेव्हा तरी कुठे ठाऊक होतं!

पण ह्या मांबळमला दिवाळीपासून टिकलो, हेच नवल. इतका कुठेच टिकलो नव्हतो. हुबळी नाही, गुंतकल नाही. ह्या लोकांच्या मराठीमुळे असेल. तंजावरची माणसं — पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. मराठी बोलतात ती पोथीतली वाटते आणि चाल सगळी तमिळ! पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. कनकाही हसली, माझ्या मराठीला. मला 'बंबई मामा' म्हणते. मुंबई मी आयुष्यात पाहिलेली नाही.

५ फेब्रुवारी

ताप तसाच. दुकानात गेलो होतो — पाँडी बाजारात साड्यांच्या दुकानाबाहेर उभं राहून बायकांना आत बोलवायचं, हे माझं काम. आज घसा बसला. येताना तळ्यात म्हशी डुंबत होत्या, त्या बघत उभा राहिलो. एका म्हशीच्या डोक्यावर बगळा. म्हैस बुडी मारायची, बगळा उडायचा, परत तिथेच बसायचा. किती वेळ गेला कळलंच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कनकाच्या तोंडावर पुरळ उठलाय. कपाळावर, हातांवरही.

शेजारच्या अलमेलू मामी आल्या, पोरीकडे बघितलं आणि हात जोडले. पोरीला! ताप आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला म्हातारी बाई हात जोडते! मग म्हणाल्या, अम्मन आली आहे. मारियम्मन. दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या. पोरीच्या अंथरुणावरही कडुनिंबाचा पाला पसरला.

मला आत्ता कळलं की माझं जाणं आता बंद. अम्मन घरात आली तेव्हा जो घरात होता त्याने तिचं शेवटचं पाणी होईपर्यंत घर सोडायचं नाही. म्हणजे पुरळ सुकून कडुनिंब-हळदीच्या पाण्याने तीनदा नहाणं होईपर्यंत. दुकानातही नाही. मी म्हटलं, "मी तर ह्या घरचा नव्हे." मामी म्हणाल्या, "तिला काय ठाऊक तू भाडं देतोस ते?"

म्हणजे सगळं ठाऊक आणि एवढंच ठाऊक नाही!

७ फेब्रुवारी

नियम असे. फोडणी द्यायची नाही. काही तळायचं नाही. केस विंचरायचे नाहीत. भांडायचं नाही. रोगाचं नाव काढायचं नाही. त्या फोडांना 'मोती' म्हणायचं. डॉक्टर नाही, औषध नाही, कारण पाहुणीला कोणी औषध घालून हाकलत नाही. आणि रडायचं नाही. कोणीच. रडलं तर ती म्हणते, मी आले ते तुम्हाला आवडलं नाही का? मग चिडते.

आमच्याकडेसुद्धा ह्याला देवीच म्हणतात. देवी आल्या, देवी गेल्या. मी कधी विचारच केला नव्हता की आपण काय बोलतोय.

सबंध घराला कडुनिंबाचा वास. बिनफोडणीचं वरण. घरमालक सेतुमाधवरावांनी रजा काढली. रेल्वेच्या कचेरीत कारण 'घरची अडचण' असं कळवलं. खरं लिहिलं तर सरकारी गाडी येते आणि पोरीला उचलून नेते, असं म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

मोती सगळीकडे. पापण्यांवरही. कनका मला ओळखते आवाजावरून. "बंबई मामा, गोष्ट." मी म्हशीची आणि बगळ्याची सांगितली. त्यात काही गोष्ट नव्हतीच. तरी म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग बगळा परत बसला." "मग?"

दुपारी सेतुमाधवरावांना विचारलंच. ओट्यावर बसलो होतो. ते गोपीचंदन लावून, पंचा गुंडाळून, नेहमीसारखे ताठ. विचारलं, तुमचा देव सगळं जाणतो ना?

"जाणतो."

प्रेम करतो?

"करतो."

मग पोरीचं हे काय?

"त्याचीच इच्छा." असं मोठ्याने, आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. मी काय बहिरा आहे? "हरीच्या इच्छेशिवाय पान हालत नाहीं. आम्हीं कोण करणार? कोणी कांहीं केलं नाहीं. कोणी कांहीं चुकलं नाहीं. त्यानेंच केलं."

म्हटलं, मग त्याला दया नाही.

"असेल, नसेल. पण केलं त्यानेंच!"

असला माणूस! पोर आत कण्हतेय आणि हा देवाची वकिली करतोय. वकिली तरी कसली — वकील आपल्या अशिलाला सोडवतो. ह्यांनी तर सगळा गुन्हा त्याच्याच नावावर लिहून टाकला आणि वर हात जोडले.

मी सातवी नापास. मला शास्त्र कळत नाही. पण एवढं कळतं की ज्याला ठाऊक आहे, ज्याच्या हातात आहे आणि जो तरी करत नाही, त्याला आमच्या गल्लीत काय म्हणतात.

इथे लिहितोय. बोलायचं नाही ना!

१० फेब्रुवारी

काही नाही. ऊन.

११ फेब्रुवारी

मामी म्हणाल्या, ज्याच्यावर तिचा जीव, त्याच्याच घरी ती येते. मी म्हटलं, माझ्यावर नसला तरी चालेल. मामी हसल्या. तोंडावर हात ठेवून, पण हसल्या. मग म्हणाल्या, "पोडा!" म्हणजे जा रे. "तिने ऐकलं असेल."

मला मामींचं आश्चर्य वाटतं. त्यांचा एक मुलगा असाच गेला. सरळ सांगतात. अम्मनला तो आवडला, तिने ठेवून घेतला. आणि तरी कडुनिंब बांधायला येतात, नारळपाणी आणतात, पोरीच्या अंगावर पाला फिरवत बसतात. खाज सुटते ना तिला. मामींचा हात थकत नाही.

वरून विमान गेलं. मीनंबाकमला उतरणारं. पोटाखालची चाकं दिसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहू की नको. लिहितो.

सकाळी विहिरीवर पाणी काढत होतो, उघडा. वसंतावहिनी घागर घेऊन आल्या आणि माझ्या दंडाकडे बघत राहिल्या. दोन वण आहेत, जुने. म्हणाल्या, "हें कधीं टोचलं?"

शाळेत, म्हटलं. मास्तरांनी मानगूट धरून रांगेत उभं केलं होतं. मी त्यांना चावलो होतो.

हसतील असं वाटलं. त्या नाही हसल्या. विचारलं, "मनांत म्हटलेलं तीस ऐकूं येतं का हो?"

कोणाला?

"अम्मनला. रडायचं नाहीं, बोलायचं नाहीं, तें मी पाळतें. पण मनांत?"

मी म्हटलं, सर्वज्ञ असेल तर येत असणार.

"मग मी मेलें," म्हणाल्या.

मग सांगितलं. पोंगलच्या आठवड्यात टोचणारे आले होते, घरोघर. मी तेव्हा दुकानात. कनका सुईला घाबरून रडायला लागली. आणि पलीकडच्या घरातल्या पोराचा दंड टोचून सुजला होता, दोन दिवस ताप. वहिनींनी कनकाला आतल्या पलंगाखाली, तांदळाच्या पोत्यांमागे बसवलं. दारात जाऊन सांगितलं, घरात मूल नाही. टोचणारे पुढच्या घरी गेले.

"मीच म्हटलं, मूल नाहीं. माझ्याच तोंडानें. अम्मननें तें ऐकलं."

म्हटलं, अहो, तुम्ही काय वाईट करायला केलं का? पोर घाबरली म्हणून—

"ह्यांना सांगूं नका. ह्यांना वाटतं देवानें केलं. तसंच वाटूं दे. मज टाकतील."

घागर तशीच रिकामी घेऊन आत गेल्या.

१३ फेब्रुवारी

कालपासून डोक्यात तेच. देवाने केलं असेल तर वहिनींनी नाही केलं. वहिनींनी केलं असेल तर देव सुटला. दोघांपैकी एकाला धरावं लागतं. वहिनी स्वतःला धरून देवाला सोडतात. सेतुमाधवराव देवाला धरून — आणि ते तर अजिबात जाणत नाहीत कशाविषयी बोलतायत. आजही ओट्यावरून मोठ्याने, "त्याचीच इच्छा!"

कानात बोळे घालावेसे वाटले. आत ती बाई हे ऐकते आणि मनात म्हणते, नाही, माझी.

की देवाला ठाऊक होतं की त्या दिवशी वहिनी असं करणार? ठाऊक असणारच. मग त्या टोचणाऱ्याला त्याने परत का नाही फिरवलं? नुसतं एकदा. पाणी मागायला. पोर पलंगाखालून बाहेर आलेली दिसली असती. एवढंसं काम. मीसुद्धा केलं असतं. कितीदा मी छत्री विसरून परत गेलोय.

१५ फेब्रुवारी

आवाज नाही पोरीला. कापसाने पाणी ओठांवर. मी दारातूनच बघतो. बघण्यासारखं नाही. मला काहीच वाटत नाही. काल परसात मुंग्यांची रांग भिंतीवर कुठे जाते ते शोधत बसलो. कौलांपर्यंत जाते.

१६ फेब्रुवारी, रविवार

कनका गेली. पहाटे.

कोणी रडलं नाही. अम्मन अजून घरात आहे.

१७ फेब्रुवारी

अम्मन आलेल्याला जाळत नाहीत. पुरतात. सेतुमाधवरावांनी हातांवर उचलून नेली. सगळी कडुनिंबात गुंडाळलेली. मी बरोबर गेलो. रेल्वेलाइनच्या पलीकडे. फाटक बंद होतं, तांबरमची गाडी जाईपर्यंत उभे राहिलो. डब्यातल्या एका बाईने बघितलं आणि हात जोडले. तिलाही वाटलं असेल अम्मनच चालली आहे.

परत येताना सेतुमाधवराव म्हणाले, "त्याचीच इच्छा." ह्या वेळी हळू. ओट्याची पायरी चढल्यावर मात्र परत मोठ्याने म्हणाले.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलंय.

२० फेब्रुवारी

वहिनी जेवत नाहीत. जेवतात असं दाखवतात. पान घेऊन बसतात आणि मग ते पान गाईला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मामींनी घर धुतलं. हळदीचं पाणी सगळीकडे. दारावरच्या सुकलेल्या डहाळ्या काढून नेल्या. दहीभात दाखवला. झालं. अम्मन गेली. मामींनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता रड. आता चालतं.

वहिनी चुलीजवळ गेल्या. तेल टाकलं, मोहरी टाकली. तडतडली. इतक्या दिवसांनी! सबंध घरात वास पसरला. आम्ही सगळे उभे होतो. वाटलं, आता. पण त्यांनी कढीपत्ता टाकला, हिंग टाकला आणि वरणात ओतलं.

मामी म्हणाल्या, हे बरं नाही.

२६ फेब्रुवारी

मला आता जाता येतं. एग्मोरला जाऊन गाडीची चौकशी केली. परत आलो. रस्त्यात ट्रामचे रूळ दिसले, ट्राम कधीच बंद झालीय म्हणे, रूळ तसेच. त्यावरून चालत आलो जिथपर्यंत होते तिथपर्यंत.

दुकानात दुसरा माणूस ठेवलाय.

२८ फेब्रुवारी

वहिनी विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. आत पाय सोडून. मी हाक मारली, "वहिनी, कॉफी?" उठल्या. कॉफी केली.

सेतुमाधवरावांना सांगायला हवं की बाईकडे लक्ष ठेवा. पण सांगितलं तर विचारतील का. आणि कारण मला सांगता येत नाही. वचन असं दिलेलं नाही, पण दिल्यासारखंच. आणि सांगून तरी काय! हरीची इच्छा म्हणतील.

रात्रभर परसाच्या दारात अंथरूण टाकून पडतो. कोणी गेलं तर माझ्यावरून जावं लागेल. सिलोन नंतर.

२ मार्च, रविवार

सकाळी वहिनींनी सांगून टाकलं. माझ्यादेखत. पलंग, पोती, "घरांत मूल नाहीं" — सगळं. उभ्यानेच. मग म्हणाल्या, आता मज घालवा.

सेतुमाधवरावांनी कॉफीचा तंबलर खाली ठेवला. "ठाऊक आहे."

"कधींपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. कनकाच बोलली. अप्पा, मी शिंकसुद्धां नाहीं दिली म्हणाली. मी हसलों. पाठ थोपटली तिची. उद्यां मीच नेतों टोचायला म्हटलं, आणि राहून गेलं."

वहिनी म्हणाल्या, "मग इतके दिवस देवाचं नांव—"

"कोणाचं घेऊं गे? तुझं घेऊं?" आज त्यांचा आवाज अजिबात मोठा नव्हता. "तो आहे ना, त्याच्यावर टाकलं. त्यास चालतं. तूं मेली असतीस."

मग दोघं रडली. सबंध आळीला ऐकू जाईल इतकी.