घडी मोडली

५ जानेवारी १९७५
पोचले एकदाची! टेंभुर्णीची एसटी म्हणजे नुसती धूळ. पण स्टँडवर महादेवी उभी दिसली आणि सगळा शीण गेला. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका ताटात जेवायचो. आता ती इथं नोकरीला आहे, तिनंच मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मालक म्हणजे सिद्धलिंगप्पा, कापडाचे व्यापारी. शुक्रवार पेठेतल्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी संग्रहालय मांडलंय: चित्रं, बिदरी भांडी आणि दालनभर लुगडी. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत प्रदर्शन उघडायचं. लुगडी मांडायचं काम माझं! आई गेल्यापासून मला कुणी ‘ये’ म्हटलं नव्हतं. महादेवीनं तर आपल्याच खोलीत माझं अंथरूण घातलंय. तिची पोर आल्याआल्या माझ्या मांडीवर येऊन बसली.

७ जानेवारी
लुगडी नेसवायला लाकडी पुतळे आहेत, सगळे उभे. एकच मांडी घालून बसलेला, त्याला चेहराही रंगवलेला नाही. याच्या निऱ्या घालायच्या कुठं, सुतार झोपेत होता का, असं मी विचारलं तर कुणी हसलं नाही. भारीच गंभीर माणसं बाई! त्याच्यासाठी राखलेलं इरकल लुगडं महादेवीनं दाखवलं. हिरवंगार, लाल टोप पदराचं. मालकांची बहीण निंगव्वा, तिच्या लग्नासाठी विणलेलं. लग्नाआधीच ती गेली, म्हणून घडी अजून तशीच आहे.

८ जानेवारी
महादेवीनं घडी मोडायला मला दिली! कोरं लुगडं पुतळ्याला नेसवायचं नाही, आधी जित्या बाईनं अंगावर घ्यायचं, अशी या घरची रीत म्हणे. आमच्याकडेही नव्या लुगड्याची घडी मोडायचा मान बहिणीला देतात. मला बहीण नाही. नेसताना डोळे भरून आले. पदर सारखा करताना महादेवीनं हातांना फडकं गुंडाळलं होतं. घामाचा डाग पडेल म्हणाली. मालक दारातून बघून गेले.

१० जानेवारी
कमाल आहे. लुगड्यावर आता घडीची एक रेघ नाही, इस्त्री न फिरवता. आणि माझ्या दंडावर मात्र सरळ रेघ उमटलीय. तशीच पोटावर, तशीच मांड्यांवर. चोळून जात नाही. सतरंजीचे वळ असतील, असं महादेवी म्हणाली. पण पोरीला तिनं माझ्या मांडीवरून उचलून नेलं.

११ जानेवारी
गुडघे आखडलेत. उभं राहवत नाही. झाडलोट करणाऱ्या सोनाबाईंना रेघा दाखवल्या. त्यांनी केरसुणी खाली ठेवली.

“तुमाला सांगितलं न्हाय व्हय कुनी?”

म्हणाल्या, निंगव्वा हळदीच्या दिवशी गेली. त्यांच्यात माणसाला मांडी घालून बसवून माती देतात. घाईत ते लुगडं अंगावर घालायचं राहून गेलं, तेव्हापासून ती ते नेसायला खोळंबलीय. जी घडी मोडेल तिच्या अंगानं ती नेसणार. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. घडी मोडायला मालकांनी महादेवीलाच सांगितलं होतं. मग तिनं मला पत्र घातलं.

१२ जानेवारी
तिला विचारलं. ‘नाही’ म्हणाली असती तर मी मानलं असतं. देवाशपथ मानलं असतं. ती पोरीची वेणी घालत राहिली. मग म्हणाली,

“मला पोर आहे, सोजर. तुझ्यामागं रडायला कोण आहे?”

एका ताटात जेवलो गं आपण —

भिंत धरत कशीबशी स्टँडवर जायला निघाले. दारातच गुडघे मिटले. मालकांच्या माणसांनी उचलून आत आणलं. हळूच, काचसामान उचलतात तसं. मी ओरडत होते. महादेवीनं खोलीचं दार लोटून घेतलं.

१३ जानेवारी
काचेच्या कपाटात. पुतळा काढून टाकलाय. मांडी घालून मीच. हिरवं लुगडं. निऱ्या बरोबर बसल्या —

वही पदराखाली. बोटं तेवढी हलतात.

माणसं येतायत. एक बाई म्हणाली, चेहरा काय हुबेहूब रंगवलाय —

पापणी मिटत नाही. आतून कुणीतरी पदर ओढून घेतंय —

महादेवी आली. पोर कडेवर. पोरीनं ओळखलं मला. दोन्ही हात पुढं केले. महादेवीनं तिचं तोंड फिरवलं —

कोपर दुमडतंय. महादेवी, एकदा बघ इकडं, मी अजून आत