धुतलेलं मीठ

२ फेब्रु., सोम.
आज सुनेनं माझी मिठाची बरणी सिंकमध्ये ओतली. माझ्यादेखत. वरून नळ सोडला. म्हणते, "आई, बस. बहुत हो गया." दिल्लीत वाढलेली, मराठीत भांडायला शब्द पुरत नाहीत.
सकाळी डॉक्टरणीकडे गेली होती. चौथा महिना लागलाय. थायरॉइड बिघडलंय म्हणे. डॉक्टरणीनं विचारलं, घरात मीठ कुठलं? ही म्हणाली, सासूबाईंच्या माहेरचं, आणि त्या ते तीन पाण्यांनी धुतात. झालं. आरोपी सापडला.
अहो, लिहा. जन्मभर साहेबांचं डिक्टेशन घेतलंत, बायकोचं घेतानाच बरा हात दुखतो!

३ फेब्रु.
ह्यांनी कालचं वाचून दाखवलं. नावं म्हणे अर्धीच लिहिणार. स्वा. म्हणजे सून स्वाती. वि. म्हणजे मुलगा विजय. ऑफिसची खोड.
भाऊ पेणकडे मिठागरात राबतो. इथे दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात गावचं कुणी उतरलं की माझं पोतं यायचं, हे बसनं जाऊन आणायचे. खड्यांत चिखल असतो, वाळू असते. म्हणून धुवायचं, गच्चीत वाळवायचं. माझी आई तसंच करायची. वि. ह्याच मिठावर वाढला, सरकारी नोकरीला लागला.
त्याला हे ऐकवलं. म्हणाला, "आई, त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आणि असतं तरी तू धुऊन टाकलं असतंस."
बायकोचा वकील.

५ फेब्रु.
स्वा.ची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. मग तासभर काही नाही. हे मला कुणी सांगितलं? मी सवयीनं पाच मिनिटांत चहा नेला. झोपेत घोट घेतला तिनं, मग कप असा आपटला की बशीच तडकली. "आप जान-बूझकर करते हो!"
म्हटलं, "तुला विष घालायचं असतं तर नऊ वर्षं वाट बघितली असती का गं?"
वि. डबा न घेताच ऑफिसला गेला.

८ फेब्रु., रवि.
पाकिटातलं मीठ आलं. पांढरं, पिठासारखं. स्वयंपाकाला बसले, रोवळीत घेतलं, पाणी सोडलं. बोलता बोलता हात चालतो. बघते तर रोवळी रिकामी.
स्वा. दारात उभी. हसली. वि.ला हाक मारून दाखवलं, "यार, आईंनी मीठच वाहून टाकलं!"
कित्येक महिन्यांनी हसली, तीही माझ्यावर. हेही हसले. आत्ता लिहितानाही हसतायत. हसा.

११ फेब्रु.
डॉक्टरणीनं मला बोलावलं. इस्त्रीचं पातळ नेसून गेले. वि.पेक्षा लहान आहे ती. "माताजी, बच्चे का दिमाग बनता है इससे. पैकेट वाला नमक, ढक्कन बंद. धोना नहीं."
माझ्या हिंदीला भाजीवाला घाबरतो, ही घाबरली नाही. विचारलं, "मेरे नमक से हुआ क्या?"
"वजह कई होती हैं. इसी से हुआ, ये नहीं कह सकती."
"तो नहीं हुआ, ऐसा लिख के दो."
"वो भी नहीं लिख सकती."
स्वा. इतका वेळ खिडकीकडे बघत होती. आता स्वच्छ मराठीत म्हणाली, "आणि मागच्या वेळचं?"
मागच्या वेळचं म्हणजे दोन वर्षांपूर्वी. तिसऱ्या महिन्यात गेलं ते.
डॉक्टरणीला मराठी येत नाही. तरी कळलं तिला. म्हणाली, "अब आगे का सोचो."
रिक्षात मी, स्वा. आणि हे. मुनिरक्याला घराशी उतरलो, स्वा. पुढे निघून गेली.
लिहिलंत? खोडू नका.

१२ फेब्रु.
आज काही सांगायचं नाही.

१६ फेब्रु.
डॉक्टरणीच्या कागदावरची लक्षणं ह्यांनी वाचून दाखवली. झोप फार. थंडी सोसत नाही. अंग जड. केस गळतात.
मी ह्यालाच आळस म्हणत होते. न्हाणीच्या जाळीतले केस बोटावर गुंडाळून तिच्यापुढे धरायचे. "हे कोण उचलणार, बाईसाहेब?" आळसावर गोळी निघालीय हे मला कोण सांगणार होतं?
तीही काही कमी नाही. काल माझं गेल्या उन्हाळ्याचं लोणचं घराबाहेर. त्यात गावचं मीठ ना! अख्खी बरणी कामवालीला दिली. विचारलं, "तिच्या पोरांना डोकं नकोय का?"
तिचं तोंड पडलं. संध्याकाळी जाऊन बरणी परत आणली, पाकिटाचं मीठ देऊन. लोणचं फेकलं.

२१ फेब्रु.
भावाचा फोन. "ताई, आपल्याकडचे येतायत गेस्ट हाउसात. पोतं देऊ?"
म्हटलं, नको.
"का गं? दिल्लीची झालीस?"
म्हटलं, गुडघे दुखतात, गच्ची चढवत नाही. माहेरशी खोटं बोलले, तेही ह्या वयात.
स्वा. आतून म्हणाली, "खरं सांगायचं ना."
"तू सांग. नंबर लावून देते. म्हण, तुमचं मीठ माझ्या..."


२५ फेब्रु.
एक गोष्ट. सगळं नाही ओतलं तिनं. मूठभर खडे मी डबीत ठेवलेत, देव्हाऱ्यात समईमागे. खायला नाही. दृष्ट काढायला लागतात.
हे मात्र तुमच्या त्या शॉर्टहँडच्या आकड्या-वेलांट्यांत लिहा. तिला वाचता येता कामा नये.

१ मार्च, रवि.
उद्या पुन्हा रक्त द्यायचंय. गोळी लागू पडली की नाही ते कळणार.
दिवेलागणीला स्वा. स्वयंपाकघरात आली, स्टुलावर बसली. म्हणाली, "दृष्ट काढा."
मी देव्हाऱ्याकडे वळले. "ते नाही. पाकिटातलं."
म्हणजे डबी तिला ठाऊक होती. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे पेपरात डोकं खुपसून.
म्हटलं, "पाकिटातलं तडतडत नाही. भुरभुर आहे ते."
"नाही तडतडलं तर नाही."
मीठ-मोहरी मुठीत घेतली. तीनदा ओवाळली, चौथ्यांदा पोटावरून. डोळे मिटायचे असतात. ती उघडे ठेवून माझ्या मुठीकडे बघत होती. मूठ तव्यावर सोडली. मोहरी उडाली. मिठाचा आवाज नाही.
"म्हणजे काय, आई?"
खडे असते तर सांगता आलं असतं. तडतडले असते तर म्हटलं असतं, दृष्टच होती, मागच्या वेळीही तीच असेल.
म्हटलं, "म्हणजे उद्या रक्त दे."
उठली नाही. तवा गार होईस्तोवर बसली. मीही बसले.

२ मार्च, सोम.
रक्त देऊन आली, मग गोळी. पुढचा तास मी घड्याळासमोर बसले. अक्षर येत नसलं तरी काटे कळतात मला. तास भरला तेव्हा चहा ठेवला. तिनं घेतला. "साखर कमी आहे," म्हणाली. घ्या.
रिपोर्ट आला की डॉक्टरीण फोन करणार आहे.
दुपारभर वि. घरातच, उगाच नळ दुरुस्त करतोय.
आत्ता आत फोन वाजला. स्वा. "हाँ जी" म्हणाली. दार लोटून घेतलं.
अहो, तुमच्या पेनाची खरखर होतेय. ठेवा खाली. ऐकू द्या.