तो मुलगा मीच होते

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा आवाजाचा, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळची रक्तदाबाची गोळी घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी विचारले, "आज वार कोणता?" मी सांगितला. मग ते म्हणाले, "आणि ते तान्ह्या बाळाचं रडणं एकदा करून दाखवा ना." मी करून दाखवले. बाहेर बाकावर बसलेल्या बाईने आपले मूल झोपलेले आहे ना, ते वाकून पाहिले. दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आपल्याकडे देण्याजोगे काही आहे हे मला अलीकडेच कळले.

कलम पहिले, घर. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. हा शब्द वकीलबाईंनी सुचवला. मी "घसा बसेपर्यंत ओरडून मिळवलेल्या" असे लिहिले होते. या खोल्या माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. ती दातांची डॉक्टर आहे. इतर नातेवाईक येतात ते "एकटीला करमतं का?" असे विचारून चहा पिऊन जातात. ही येते ती गळका नळ दुरुस्त करून जाते. न्हाणीघराच्या दाराला जरा उचलून धक्का द्यावा लागतो, हे तिला माहीत आहेच.

कलम दुसरे, वडिलांची हत्यारे. करवत, रंधा आणि चार पटाश्या, हीही भाचीलाच. तिचा हात त्याच कामात बसलेला आहे, लाकूड तेवढे वेगळे.

वडील चित्रपटांच्या स्टुडिओत सुतार होते. आयुष्यभर त्यांनी राजवाडे बांधले, सगळे फक्त समोरून. पाच वर्षांची असताना मी आईबरोबर त्यांचा डबा द्यायला गेले. आई फाटकातूनच परतली, मी आत थांबले. त्या दिवशीच्या दृश्यात एका मुलाला शेळीबरोबर धावायचे होते आणि ठरलेला मुलगा शेळीला भिऊन सकाळपासून टेबलाखाली बसला होता. दिग्दर्शकांनी माझ्याकडे बोट केले.

"हा कोणाचा मुलगा?"

"माझी मुलगी आहे, साहेब," वडील म्हणाले.

"केस कापले की मुलगा."

रंगभूषावाल्याने तिथेच कात्री चालवली. संध्याकाळी आईने दार उघडले आणि मला विचारले, "कोण हवंय रे बाळा?"

अशा रीतीने मास्टर छोटूचा जन्म झाला. सहा वर्षे मी तो होते. पडद्यावर मी हरवले, सापडले, तापाने फणफणले, आंधळ्या बापाची काठी झाले आणि तीनदा मेले. निर्मात्याने घरी येऊन बजावले होते, "मुलगी आहे हे बाहेर फुटलं तर बायका रडायच्या थांबतील. आणि बायका रडल्या नाहीत तर आपण सगळे रडू." वडिलांनी मान डोलावली. त्यांना ती डोलवायचाच पगार होता.

खरी पंचाईत भाषेची झाली. सेटवर "मी जातो" म्हणायचे, घरी "मी जाते". सेटवर "जाते" निसटले की सहायक डोळे वटारायचा. घरी "जातो" निसटले की आई लाटणे उगारायची. शाळेत मुलगी म्हणून नाव होते आणि डोक्यावर सदा रुमाल. तिथे हजेरीच्या वेळी मी सर्वांत मोठ्याने ओरडायची: "हजर!" या शब्दाला कुठल्याही बाजूने ओढा, तो बदलत नाही.

कलम तिसरे, कापड. ट्रंकेत मास्टर छोटूची अर्धी विजार आणि दोन सदरे आहेत. ते चित्रपट संग्रहालयाला द्यावेत. अकराव्या वर्षी अशाच नव्या सदऱ्याचे माप घेताना शिंपी थांबला, टेप गुंडाळून खिशात घातली आणि निर्मात्याला म्हणाला, "साहेब, आता कापड खोटं बोलणार नाही." माझी कारकीर्द त्या वाक्याने संपली. टीकाकारांनी मला कधी दुखावले नाही, त्यांना मी माहीतच नव्हते.

भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा, तोंडवळ्याने माझीच दुसरी प्रत. मास्टर छोटूच्या पुढच्या, आणि शेवटच्या, चित्रपटासाठी त्याला उभे केले. दिवे लागले आणि त्याची दातखीळ बसली. तो ओठ हलवायचा, आवाज फुटायचा नाही. अखेर तसेच चित्रण केले आणि नंतर अंधाऱ्या खोलीत मला स्टुलावर उभी करून, पडद्यावर त्याचे ओठ बघत सगळे संवाद माझ्याकडून म्हणवून घेतले. "बाबा, दार लावू नका, मी येतोय!" हे वाक्य त्यातलेच. चित्रपट सर्वांत जास्त चालला. लोक म्हणाले, पोरगं आता कुठे अभिनय शिकलं.

कलम चौथे, राग. अठराव्या वर्षी मी त्याच दिग्दर्शकांकडे काम मागायला गेले. त्यांनी मला नीट निरखले आणि विचारले, "पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिला आहात?" मी "नाही" म्हणाले. हा राग चांगल्या स्थितीत आहे, पण मी तो कोणालाही देत नाही, सोबत नेणार आहे. त्यांच्या वारसांनी निर्धास्त असावे.

मला त्या अंधाऱ्या खोलीनेच पोसले. पडद्यावरची पोरे बदलत गेली, त्यांचा आवाज मीच राहिले. खोकणारी, बोबडी बोलणारी, नुकती जन्मलेली, सगळी माझी. लग्न न केलेल्या बाईला एवढी मुले झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. माझे हेडफोन आणि रडताना तोंडाशी धरायची लहान उशी आवाजाच्या खोलीतल्या नव्या मुलीला द्यावी. अभ्रा बदलावा.

आता भावाविषयी. त्याने हॉटेल काढले आणि भिंतींवर मास्टर छोटूचे फोटो लावले. एक सोडून सगळे माझे आहेत. आधी गिऱ्हाइके विचारायची, "हे तुम्हीच ना?" आणि तो नुसता हसायचा. पुढे त्यांनी विचारायचे सोडले, कारण तोच सांगू लागला. मग दुकानांची उद्घाटने, मुलाखती, शाळांमधली भाषणे. भाची याच गोष्टी ऐकत मोठी झाली. मी गप्प राहिले. सुरुवातीला निर्मात्याच्या धाकाने, नंतर "भावाचं हसं करू नकोस" या आईच्या शब्दाखातर, आणि पुढे पुढे, खरे सांगायचे तर, गंमत म्हणून.

गेल्या वर्षी त्याला जीवनगौरव मिळाला. मी तिसऱ्या रांगेत होते. निवेदक म्हणाला, "सर, ते वाक्य एकदा होऊन जाऊ द्या!" भाऊ माइकपाशी गेला, तोंड उघडले आणि माझ्याकडे पाहिले. नऊ वर्षांचे तेच तोंड. मी हातरुमाल ओठांशी नेला आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "बाबा, दार लावू नका, मी येतोय!" लोकांना वाटले टेप लावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ताई, जरा उशीरच केलास." मला एवढे हसू आले की रागवायचे राहूनच गेले.

पण आता संग्रहालय ते जुने चित्रपट स्वच्छ करते आहे आणि नामावलीत मास्टर छोटूचे खरे नाव घालणार आहे. तिथल्या बाई विचारायला आल्या. मी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली. म्हणून कलम पाचवे: 'मास्टर छोटू' हे नाव, त्याचे बालपण, शेळीसह, मी धाकट्या भावाला त्याच्या हयातीपर्यंत वापरायला देत आहे. त्याच्या पश्चात ते मला परत मिळावे, मी कुठेही असले तरी. संग्रहालयाने नाव तेव्हा लिहावे.

मी गेल्यावर त्याला हे चारचौघांत ऐकावे लागू नये, म्हणून आज सही करण्यापूर्वी त्याला चहाला बोलावले आणि कागद हाती दिला. पुढचे त्यामुळे लिहावे लागत आहे.

त्याने सगळे वाचले. चहावर साय धरली. मग वकीलबाईंना म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला चालणार नाही. ज्याला मिळायचं आहे त्यानेच साक्ष घातली, तर त्याला दिलेलं रद्द होतं."

"होऊ दे."

"अरे, विचार कर," मी म्हणाले. "पोरीला काय सांगशील?"

"तेच, जे तिला आधी सांगायला हवं होतं." त्याने चमच्याने साय बाजूला केली. "ताई, ते वाक्य मी अजून आरशासमोर म्हणून बघतो गं. कोणी नसताना. अजूनही येत नाही मला."

मी त्याला चहा गरम करून दिला. अशा प्रसंगी काय बोलावे हे मला आजवर नेहमी दुसऱ्याने लिहून दिले आहे.

सबब कलम पाचवे रद्द. संग्रहालयाने माझे नाव आताच लिहावे. शेवटच्या चित्रपटात मात्र चेहऱ्यासमोर भावाचे नाव यावे, कारण तो चेहरा त्याचा होता आणि घाबरलेल्या मुलाचे इतके खरे काम मला सहा वर्षांत जमले नव्हते.

वरील मजकूर मी वाचला, मला ऐकू आला, मान्य आहे.

सही: (केली आहे. स्वतःच्या नावाने.)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच. वार शनिवार.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. व्यवसाय: घड्याळदुरुस्ती. सही.

साक्षीदार दुसरे: सही करणारीचा धाकटा भाऊ. व्यवसाय: हॉटेल. सही.
(व्यवसायासमोर आधी 'क' हे अक्षर लिहून खोडले आहे. सवयीने 'कलाकार' लिहीत होतो. खाडाखोड माझीच, मान्य. पुन्हा सही.)