चंद्र नसलेली एक रात्र मिळण्याबाबत

प्रति,
मा. डेस्मंड प्रिचर्ड,
दुर्बीण-वेळ वाटप अधिकारी,
किंगफिशर रिज वेधशाळा, न्यू साउथ वेल्स.

विषय : जून महिन्यात चंद्र नसलेली एक रात्र मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले आज सकाळचे तोंडी उत्तर, आपल्याच स्वयंपाकघरात, टोस्ट करपत असताना.

महोदय,

१. अर्जदार आपल्या वेधशाळेत संशोधक असून कार्यालयीन वेळेबाहेर आपली पत्नी आहे. आज न्याहारीच्या वेळी वरील विनंती केली असता आपण, "घरात कामाचं नको, लॉर्ना. हवं तर रीतसर अर्ज दे," असे म्हणालात. सबब हा रीतसर अर्ज.

२. दर हंगामात मला पौर्णिमेच्या आगेमागेच्याच रात्री मिळतात. विचारले की आपले ठरलेले उत्तर, "तू अवरक्तवाली. तुला चंद्र चालतो." नुसता अवरक्त, म्हणजे उष्णतेचा अदृश्य प्रकाश पाहणाऱ्यांना चालतो, हे खरे. परंतु माझे उपकरण डोळ्यांना दिसणारा आणि अवरक्त असे दोन्ही प्रकाश एकदम घेऊन त्यांतला ध्रुवित भाग मोजते. प्रकाश कशावर तरी आपटून आला की त्याची लहर एका अंगाला कलते, तो कल मोजते. चांदणेही हवेवर आपटूनच पसरते. त्यामुळे माझी दीर्घिका राहते बाजूला आणि मी रात्रभर चंद्र मोजत बसते. सगळ्या काळोख्या रात्री ज्यांच्या वाट्याला येतात ते श्री. बॅरक्लॉ उपाहारगृहात सर्वांदेखत म्हणाले, "लॉर्ना, पौर्णिमा तुझ्या नावावर करून घे ना एकदाची!" लोक हसले. आपणही हसलात. तेव्हा आपल्या मिशीला लॅमिंग्टन केकचे खोबरे लागले होते, ते मी मुद्दाम सांगितले नाही.

३. खरे कारण मला ठाऊक आहे. "बायकोला काळोखी रात्र दिली तर लोक मला सोलून काढतील गं, आई," असे आपण दूरध्वनीवर सांगत होतात. आपल्या निःपक्षपातीपणाबद्दल मला आदर आहे. फक्त त्याचा सगळा भार एकाच पक्षाच्या डोक्यावर पडतो आहे.

४. जूनअखेर माझे उपकरण उतरवून तिथे नवा कॅमेरा बसणार आहे. नरतुरंग तारकासमूहातल्या त्या दीर्घिकेच्या पोटात आग धगधगते आहे, असे मी उभा जन्म सांगत आले. समोरून पाहावे तर धुळीचे जाड कडे आड येते, काही दिसत नाही. मात्र आतला उजेड बाजूच्या ढगांवर आपटून आपल्याकडे येतो आणि ध्रुवित असल्यामुळे ओळखू येतो. ही रात्र हुकली तर मला ते कधीच सिद्ध करता येणार नाही. याचे मला फार वाईट वाटते. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात, मला माहीत नाही.

५. गेल्या पौर्णिमेस कोणी इसम गरम मीट पाय (खिमा भरलेली पेस्ट्री) हातात घेऊन घुमटात शिरल्याने माझ्या अवरक्त नोंदी पार उधळल्या, अशी तक्रार मी दाखल केली होती. ती मागे घेत आहे. कारण तो मीट पाय नंतर माझ्याच टेबलावर सापडला, शेजारी चहाचा थर्मास. थर्मास दर पौर्णिमेला असतो. कोणी ठेवला ते कोणी सांगत नाही. महोदय, समोरून पाहता आपल्यातही धुळीखेरीज काही दिसत नाही. परंतु बाजूने येणाऱ्या या पुराव्यावरून आत बरीच ऊब असावी, असा माझा निष्कर्ष आहे.

६. तरी एक रात्र द्यावी. नातेच आड येत असल्यास त्या रात्रीपुरती मी आपली कोणी नाही असे कागदोपत्री धरावे. सकाळी मी न्याहारीला घरी येईन, तेव्हा नाते पूर्ववत करावे. टोस्ट मी भाजीन.

आपली (कार्यालयीन वेळेत) नम्र,
डॉ. लॉर्ना प्रिचर्ड
दिनांक : ९ मे

सोबत :
(१) जूनमधील चंद्राच्या कलांचे कोष्टक.
(२) थर्मास, एक. धुतलेला, रिकामा.