पदरावरून ऐकलेली छाती

अकोला, ९ ऑक्टोबर १९६३

हिवरखेडच्या शांताला आज प्रथमच डाव्या कुशीवर निजवून तपासलं. हृदयाची झडप अरुंद झाल्याची गडगड लगेच ऐकू आली. चार महिने मी तिला दम्याचं औषध देतोय. सासू शेजारी असायची, म्हणून दर वेळी बसवूनच, पदरावरून स्टेथोस्कोप लावला. आता गरोदरपणाचा आठवा महिना, फुप्फुसांत पाणी. झडपेची शस्त्रक्रिया मुंबईला होते, पण तिथपर्यंत ती टिकणार नाही.

सासूनं विचारलं, "दम्याचं औषध चालूच ठेवू काय, डॉक्टरसाहेब?" मी हो म्हणालो. का म्हणालो?

परदेशात म्हणे ध्वनिलहरींनी झडपेची हालचाल कागदावर उमटते. आपल्याकडे ते यंत्र नाही, एवढं लिहून सुटणार होतो. पण पदर बाजूला करायला कोणतं यंत्र लागत होतं?