जागं करणारी कात्री

दि. ४ जून

चि. खारूताईस आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून. तू प्रयोगशाळेत पेशींच्या कात्र्यांवर काम करतेस हे मी शेजारच्या शिंपीणबाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं. तर म्हणतात कशा, कात्रीच चालवायची होती तर पोर आमच्या दुकानात का नाही आली! हसून हसून माझा चहा सांडला.

आता खरं ते लिहिते. तुझी काकू परवा दवाखान्यातून आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. मूल व्हावं म्हणून केलेली टेस्ट-ट्यूबची दुसरी खेपही फुकट गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकाचं बीज तपासलंय, भरपूर आहे, पळतंयही चांगलं. तेच सुईने अंड्यांत सोडलं, तरी एकही अंडं पुढे सरकलं नाही. म्हणजे अंड्यांतच खोट. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाईचं अंडं घ्या. मी तर तोंडावर हात ठेवून बसले. असंही करतात, मला कुठे ठाऊक!

काकूने मान डोलावली. मग काकाची माफी मागितली, माझी मागितली, आणि पातेलं द्यायला उशीर झाला म्हणून दूधवाल्याचीही. दुसरीच्या अंड्याला माझी ना नाही गं, लेकरू ते लेकरू. पण हिच्या मनात आपलंच आहे आणि ती ते ओठांवर येऊ देत नाही. तुझ्या विद्येत काही असेल तर लगोलग लिही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

दि. ११ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच. आधी काकूला थांबव, मग पुढचं वाच.

मी ज्यांच्यावर काम करते त्या कात्र्यांना फॉस्फोलायपेझ म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीला चरबीच्या कणांचा पातळ पडदा असतो. या कात्र्या ते कण नेमक्या जागी कापतात. तुकडे वाया जात नाहीत, तेच निरोप बनून हिंडतात. बोट चेमटलं की सूज येते, त्यातही एका कात्रीचा हात असतो. खाल्लेलं तूप पचवायलाही एक असते.

आणि एक पुरुषाच्या बीजात असते. आजी, बाईचं अंडं तयार होऊन झोपून राहतं. बीज आत शिरलं की ती कात्री अंड्यातले चरबीचे काही कण कापते. एक तुकडा सुटतो, तो आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो, त्याच्या लाटांवर लाटा येतात आणि अंडं जागं होतं. कात्री नसेल तर बीज दिसायला धडधाकट, पळायलाही चपळ, पण अंडं झोपलेलंच. संख्या आणि पळणं पाहणाऱ्या नेहमीच्या तपासणीत हे कळतच नाही. कात्री आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. तीच नसेल तर सुईने बीज सोडल्यावर अंडी एका औषधी पाण्यात ठेवून कॅल्शियम आत सोडता येतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण डॉक्टरीणबाईंना विचारायलाच हवं.

खोट काकूत असेलच असं नाही. काकाला समजवायचं काम तुझ्याकडे, माझी छाती नाही.

अशीच हक्काने लिहीत राहा, लोभ त्यातच कळतो.

तुझी खार

दि. २ ऑगस्ट

चि. खारूताईस आशीर्वाद, आणि हे उभ्या उभ्या लिहितेय म्हणून अक्षराला हसू नकोस.

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, तुझं पत्र चारदा वाचलं. अगं, अंडं झोपतं? इतकी लेकरं काढली मी, मला कुणी सांगितलं नाही! काकाला वाचून दाखवलं तर तो ताडकन उठून बाहेर उभ्या त्याच्या शाळेच्या बसमध्ये चालकाच्या जागी जाऊन बसला. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, अरे, भोंगा वाजवून अख्खी गल्ली उठवतोस, एवढंसं तपासून घ्यायला काय होतंय? आतून हसला मेला. गेला एकदाचा.

खोट त्याच्यातच निघाली. कात्री नाहीच! डॉक्टरीणबाईंनीसुद्धा कागद दोनदा वाचला, असं काकू सांगते. मी पायरीवरच बसले. हरखू का रडू तेच कळेना, पोटचा पोर तो माझा.

घरी आल्यावर काकू पहिल्यांदा मोठ्याने बोलली. म्हणाली, इतकी वर्षं मी माफी मागत होते ती कशाबद्दल? काका मोरीत गेला नि धुतलेलंच पातेलं पुन्हा घासत बसला. घासता घासताच म्हणाला की आता माफीची पाळी त्याची आहे, पण त्याला मागता येत नाही. तिने सांगितलं, शीक. दोन दिवस तिने त्याला बिनसाखरेचा चहा दिला आणि तो मुकाट्याने प्यायला.

दुसरीचं अंडं नको म्हणून तिनेच फोन केला. मग तिचीच अंडी, त्याचंच बीज, आणि तुझं ते औषधी पाणी. आत्ता दवाखान्यातून निरोप आला. दोन अंडी जागी झाली! एकाचे दोन, दोनाचे चार असे भाग पडायला लागलेत. पोटात टिकतील न टिकतील, ते आधीच सांगू नये म्हणतात. पण जागी झाली गं! मी पीठभरल्या हातांनी काकूला मिठी मारली.

काका दारात उभा राहून विचारत होता की सोमवारी गर्भ पोटात ठेवतील तेव्हा तो आत आला तर चालेल का. तिने पदराला लागलेलं माझं पीठ झटकलं. मग म्हणाली, ये, माझा हात धर, पण तोंड मिटून.

तुझ्यावर जीव आहे, तो वाढताच समज.

तुझी आजी